गाडीचा दर आणि गांजाचा दर: कोरेगाव तालुक्यातल्या एका ठरावाचं प्रकरण

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या प्रोसिडिंग बुकात फेब्रुवारी २०२५ च्या सभेतला विषय क्रमांक ६ माझ्याच अक्षरात आहे: ‘हेंप पिकाच्या करार शेतीबाबत विचारविनिमय करणे.’ हेंप म्हणजे गांजाच्याच कुळातलं, पण धाग्यासाठी आणि बियांसाठी लावायचं, नशा नसल्यात जमा असलेलं झाड. तो शब्द लिहिताना मी थोडा अडखळलो. शेजारी बसलेले तात्या म्हणाले, “गांजा लिव्ह की सरळ. कुणाला फसवतोस?” मी हेंपच लिहिलं. पुढचा दीड तास सभा त्या एका शब्दाभोवती फिरत राहिली. गांजा कायदेशीर झाला तर अर्थकारणाचं काय होईल, हा एरवी टीव्हीवर भांडायचा विषय. आमच्याकडं तो गोडाऊनमध्ये आल्याच्या पोत्यांवर बसून निघाला, आणि निघाला तो दर पडल्यामुळं.

कंपनी कोरेगाव तालुक्यात, वसना नदीच्या काठाला. सभासद बहुतेक आलं पिकवणारे. मी हिशेब बघतो: जीएसटी, ऑडिट, काट्याच्या पावत्या. गाव आणि माणसांची नावं देत नाही. हाक मारतात तेवढंच लिहितो.

साताऱ्यात आलं गाडीवर विकतात. गाडी म्हणजे ५०० किलो. २०२१-२२ च्या सुमारास गाडीला दहा हजाराच्या आत-बाहेर दर होता, काढणीची मजुरी अंगावर आली म्हणून काहींनी आलं रानातच ठेवलं. २०२३ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तोच दर साठ हजारांच्या पुढं गेला. त्या वर्षी गावात चार नवे ट्रॅक्टर आले. मग उसाची रानं मोडून लोकांनी आलं लावलं, परजिल्ह्यात लावलं, कर्नाटकात लावलं. आणि २०२५ उजाडता उजाडता गाडी वीस हजारांच्या खाली. आमच्या सभेच्या दिवशी व्यापाऱ्यानं पंधरा सांगितले होते. हे इतकं सविस्तर सांगायचं कारण पुढं येईल.

बापू आमचा तिशीतला सभासद. चढ्या भावानं बेणं घेऊन त्यानं अडीच एकर आलं केलं होतं. हा विषय त्यानंच आणला. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस त्याला भेटला होता, चकचकीत माहितीपत्रक आणि काचेची एक बरणी देऊन गेला होता. बरणीत हेंपचं बी. ज्वारीच्या दाण्याएवढं, करडं, वर बारीक जाळीदार ठिपके. कंपनीचं म्हणणं असं: बी आमचं, खरेदी आमची, एकरी बारा हजार नोंदणी आगाऊ भरा, अक्षय्य तृतीयेच्या आत. हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळानं जानेवारीत भांगेच्या लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिल्याचं कात्रण पत्रकाच्या मागं छापलेलं. खाली मोठ्या अक्षरात: ‘आता महाराष्ट्राची पाळी!’

संचालकांनी मला सांगितलं, दोन दिवसांत हिशेब मांडा.

आधी कायदा, कारण तो थोडक्यात संपतो. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. शेंड्याबरोबर नसतील तर बी आणि पानं त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात, आणि म्हणूनच २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं हेंपच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. पण लागवडीचं कलम झाडाला लागतं, आणि कायद्याच्या लेखी भांगेच्या कुळातलं कुठलंही झाड म्हणजे कॅनाबिसचंच झाड. त्यात नशा आणणारं टीएचसी ०.३ टक्के आहे की १५ टक्के, हे कलम २० विचारत नाही. परवान्याशिवाय लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची वाट कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंड त्या वाटेनं २०१८ मध्ये गेलं. महाराष्ट्रात शेतकऱ्याला असा परवाना देणारी योजना आलेली नाही. थोडक्यात, बरणीतलं बी खाल्लं तर पौष्टिक, पेरलं तर दहा वर्षं.

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण बापूचा प्रश्न पुढचा होता आणि तो रास्त होता. “आज न्हाई म्हणा. पण उद्या सरकारनं सगळंच खुलं केलं तर? अमेरिकेत केलंच की. मग पयलं कोण लावंल, आपण का परदेशी कंपन्या?” आणि त्यानं मोबाईलवरचा आपला हिशेब दाखवला. दहा गुंठ्यांत पाचशे झाडं, झाडाला पाव किलो वाळलेला माल, म्हणजे सव्वाशे किलो. किलोला दहा हजार धरले तर साडेबारा लाख. त्याच दहा गुंठ्यांत आलं साडेसात गाड्या. पंधरा हजारानं एक लाख साडेबारा हजार, तेही खर्च वजा न करता. अकरा पट फरक.

दहा हजाराचा आकडा त्यानं कुठून काढला, तर बातम्यांतून. माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत उसात, मक्यात, हळदीत लावलेला गांजा पकडल्याची बातमी वर्षाकाठी येतेच, आणि तीत किलोला दहा-वीस हजारांप्रमाणे किंमत लावलेली असते. ती किंमत शहरात पुड्या बांधून विकताना येणारी. बांधावरची नव्हे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, तात्यांकडून कळलं. त्यांच्या सोयऱ्याच्या शेतात, माण तालुक्यात, मक्याच्या मधल्या ओळींत झाडं सापडली होती. सोयऱ्याचं म्हणणं, वाट्यानं रान कसणाऱ्यानं लावली. काही असो, सात-बारा सोयऱ्याचा. तात्या त्या दिवशी तिथं होते. झाडं मुळासकट उपटली, धान्याचा काटा मागवला, आणि मुळाला चिकटलेल्या काळ्या मातीसकट पोत्यात भरून तोलली. पंचनाम्यात वजन आलं तेवीस किलो. वीस किलोला व्यापारी प्रमाण सुरू होतं. तिथून पुढं किमान शिक्षाच दहा वर्षांची आणि जामिनाच्या अटी फार कडक. देठ, पानं, माती वगळून फुलोरा किती होता, यावर वकिलानं पुढं पाच तारखा घालवल्या. “अन् दर किती ठरला हुता म्हायतीये?” तात्या म्हणाले. “व्यापारी जे देणार हुता ते पेपरातल्या किमतीच्या पाव बी न्हवतं. त्यात अर्धं वाटेकऱ्याचं. अन् आत कोण बसलं? रानाचा मालक.”

माझ्या हिशेबाची किल्ली मला इथं सापडली. गांजाचं झाड नाजूक नाही. उत्तराखंडात ते रस्त्याकडेला आपोआप उगवतं. त्याला आल्यासारखे गादीवाफे लागत नाहीत, ठिबक लागत नाही, कंदकुज होत नाही. एवढ्या सोप्या पिकाला किलोला दहा हजार का मिळावेत? मिळतात ते तुरुंगाचे. लावणारा, वाहणारा, साठवणारा, पुडी विकणारा, प्रत्येक जण आपल्या वाट्याच्या भीतीची किंमत लावतो आणि पुढच्याच्या गळ्यात घालतो. बंदी उठली की ही भीती उठते, आणि तिच्याबरोबर तिची किंमतही. बापू बंदीतला दर आणि मोकळीकीतली सोय एकाच पानावर जोडत होता. दोन्ही एका वेळी मिळत नाहीत.

हे सभेला पटवायला परदेशात जायची गरज पडली नाही. नीमच-मंदसोर पुरे होतं.

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात केंद्राच्या परवान्यानं अफू पिकते. ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोकडून परवाना मिळतो, साधारण दहा आरचा. दहा आर म्हणजे आपले दहा गुंठे. बापूचेच दहा गुंठे! हेक्टरी किती मॉर्फीन निघालं पाहिजे ते सरकार ठरवतं, अलीकडच्या वर्षांत ४.२ किलो. ते भरलं नाही तर पुढच्या वर्षीचा चीक, म्हणजे कच्ची अफू, काढायचा परवाना धोक्यात. सगळा चीक सरकारलाच घालायचा. दर उताऱ्याच्या पायऱ्यांप्रमाणं, किलोला ८७० पासून ३,५०० रुपयांपर्यंत. दहा गुंठ्यांत सात किलो चीक निघाला आणि सर्वांत वरचा दर लावला, तरी साडेचोवीस हजार रुपये. चोरट्या बाजारात हाच चीक किलोला लाखाच्या पुढं जातो, म्हणजे सात लाखांच्या वर. झाड तेच, रान तेच, माणूसही तोच. तिथल्या शेतकऱ्याचं घर खरं तर खसखशीवर चालतं, कारण ती खुल्या बाजारात विकता येते.

गोडाऊनमध्ये जरा वेळ कुणी बोललं नाही. मग एक संचालक म्हणाले, “म्हंजे एफआरपी.” एफआरपी म्हणजे उसाला सरकार ठरवून देतं तो दर. उसाची सवय असलेल्या माणसाला यापेक्षा नेमकं समजावता आलं नसतं.

बापूनं अमेरिका सोडली नव्हती, म्हणून कोलोरॅडोचे आकडे काढले. तिथं २०१२ मध्ये मतदान झालं, १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. २०१५ च्या सुरुवातीला घाऊक दर पौंडाला दोन हजार डॉलरच्या घरात होता. २०२३ संपताना साडेसहाशेच्या आसपास. परवाने वाढले, बंदिस्त शेडमध्ये दिव्यांखाली बारमाही पीक निघू लागलं, शेजारच्या राज्यांनीही मोकळीक दिल्यावर बाहेरून येणारं गिऱ्हाईक आटलं. करोनाच्या काळात, २०२१ ला, विक्री २.२ अब्ज डॉलरवर पोचली होती, दोनच वर्षांत ती दीड अब्जाजवळ आली. वर जा आणि आल्याच्या गाडीचा २०२३ नंतरचा रस्ता पुन्हा वाचा. माल वेगळा, उतार तोच.

सरकारला मात्र मिळालं. २०२१ मध्ये त्या राज्याच्या तिजोरीत या एका मालाचा ४२ कोटी डॉलरच्या वर कर जमा झाला, त्यातला ठरावीक वाटा शाळांच्या इमारतींना गेला. रक्कम ऐकायला मोठी; राज्याच्या अख्ख्या खर्चात ती टक्क्याच्या आसपास. आणि दर पडला तसा करही पडला. आपल्याकडंही उद्या असं झालं तर कर मुंबईला जाईल, दिल्लीला नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात, राज्यसूचीतल्या ५१ व्या नोंदीत, मद्य, अफू आणि ‘इंडियन हेंप’ यांच्यावरचं उत्पादन शुल्क राज्यांना दिलेलं आहे. म्हणजे खातं तयार आहे, फक्त रिकामं आहे. इंग्रज ते भरून घेत होते. १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगानं हजाराहून जास्त साक्षी घेऊन सरसकट बंदी नको, परवाने आणि कर हवेत असाच सल्ला दिला होता. त्या काळात बंगालमधल्या नौगावचा गांजा सरकारी गोदामातून सुटायचा, आणि शुल्क शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पैशापेक्षा कितीतरी जास्त असायचं. परवाना आला की पिकवणाऱ्याचा वाटा आक्रसतो, ही गोष्ट सव्वाशे वर्षं जुनी आहे.

“पण आपण हेंप म्हणतोय, नशेचं न्हाई,” बापू. बरोबर. म्हणून केंटकी. तंबाखू पिकवणारं राज्य, म्हणजे तंबाखूचा दर मेल्यावर काय करावं या चिंतेतलं, आपल्यासारखंच. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनं हेंप कायद्यानं मोकळं केलं. पुढच्याच हंगामात देशभर लागवड अशी काही सुटली की माल सुकवायला कोठारं पुरेनात. त्यातल्या सीबीडी या औषधी अर्काच्या मालाचा दर वर्षभरात कोसळला, करार करणाऱ्या प्रक्रिया कंपन्यांपैकी काही दिवाळखोरीत गेल्या, आणि करारपत्र हातात घेऊन शेतकरी कोर्टात रांगेला उभे राहिले. शिवाय ०.३ टक्क्यांची मर्यादा. पिकात टीएचसी थोडं वर चढलं की ते पीक विकता येत नाही, नष्ट करावं लागतं. बी कुणाचं? कंपनीचं. नुकसान कुणाचं? पत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, लिहिलेलं होतं: ‘पिकाच्या गुणवत्तेची जबाबदारी लागवडदाराची.’ ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं.

आणखी दोन दाखले मी कागदावर घेतले होते, पण सभेत नुसता उल्लेख केला. उरुग्वेनं २०१३ मध्ये कायदा केला, औषधांच्या दुकानांतून विक्री २०१७ मध्ये सुरू केली, आणि सुरुवातीला पिकवायचा परवाना दिला दोन कंपन्यांना. दोन! वर अमेरिकी नियमांच्या धाकानं बँकांनी त्या दुकानांची खाती बंद करायला घेतली. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून सगळं कायदेशीर, पण कर ग्रॅममागं एक डॉलर किंवा दहा टक्के, यांतलं जास्त असेल ते. दर पडले, ग्रॅममागचा डॉलर पडला नाही. मोठमोठ्या हरितगृहांना टाळं लागलं. बँकेचा मुद्दा आमच्या लोकांना जास्त टोचला. ज्या पिकाला सोसायटीचं पीककर्ज नाही आणि विमा नाही, ते लावायचं कुणाच्या पैशानं? ज्याच्याकडं आधीच पैसा आहे त्याच्या. परवाना पद्धतीत कुंपण, कॅमेरे, प्रयोगशाळेचा दाखला, वाहतूक पास हे सगळं येतं. ते दहा एकरांच्या हरितगृहाला परवडतं, दहा गुंठ्यांना नाही.

इथवर हिशेब एकतर्फी दिसतो. तो तसा नाही, आणि हे मी सभेतही म्हणालो. कायदेशीर झाल्याचा आर्थिक फायदा आम्ही चुकीच्या रकान्यात शोधत होतो. तो जमेत कमी आणि खर्च वाचण्यात जास्त आहे.

तात्यांच्या सोयऱ्याचा जमाखर्च बघा. दोन महिने आत. वकिलासाठी दोन म्हशी आणि एक खिल्लार बैल विकला. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. रान दोन हंगाम पड. प्रत्येक तारखेला एसटीनं जाणं, एक दिवसाचा रोजगार बुडणं, आणि पंच म्हणून सही केलेल्या दोन शेजाऱ्यांचाही. दुसऱ्या बाजूला पोलिसांचे दिवस, प्रयोगशाळेत नमुन्याची रांग, सरकारी वकील, न्यायाधीशांचा वेळ. सगळं मिळून मातीसकट तेवीस किलो ओल्या झाडांसाठी. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात ‘गांजा’ म्हणून दिसत नाही, पण तो होतो, आणि खेड्यात तो नेमका कोरडवाहू माणसाच्या अंगावर होतो. बंदी सैल झाली तर पहिली बचत त्याची. माझं मत विचाराल तर बंदीचा फेरविचार करायला हे एकच कारण पुरेसं वजनदार आहे. शेतकऱ्याचं उत्पन्न दुप्पट होईल हे कारण मात्र पोकळ आहे.

खर्च वाढतोही. कोवळ्या वयातल्या पोरांच्या डोक्यावर होणारा परिणाम, दवाखान्याचा खर्च, नशेत गाडी चालवणारे, हे मोकळीक दिलेल्या ठिकाणी मोजावं लागतंच आहे. थायलंडनं जून २०२२ मध्ये बंदी उठवली, सरकारनं घरोघरी रोपं वाटण्याची घोषणा केली, आणि आमच्या सभेनंतर चारच महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, नंतर आलेलं सरकार डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री नको म्हणून मागं फिरलं. मधल्या तीन वर्षांत दुकान काढून बसलेल्यांनी आणि रान मोडून लावलेल्यांनी काय करायचं, हे त्या आदेशात नसतं. बापूला मी ती बातमी पाठवली तेव्हा त्यानं नुसता अंगठा पाठवला.

तो शेवटपर्यंत भांडला, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. “मग हिमाचलवाले खुळे हायत का?” खुळे नाहीत. डोंगरात झाड आपोआप येतं, माकडं आणि रानडुकरं ते खात नाहीत, धाग्याची आणि बियांच्या चटणीची जुनी रीत आहे. तिथं ते पडीक रानाचं पीक आहे. इथं बापू ते एकरी चार लाख खर्चून तयार केलेल्या, ठिबकच्या रानात लावायचं म्हणतोय. पडीक रानाचं पीक बागायती रानात आणलं तर उत्पन्न त्याच्या मूळ लायकीवर येतं, खर्च मात्र बागायती राहतो.

ठराव असा झाला: विषय स्थगित, राज्य शासनाची अधिसूचना निघेपर्यंत कोणत्याही कंपनीस नोंदणी शुल्क देऊ नये, सभासदाने वैयक्तिकरीत्या दिल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही. बापूनं सूचक म्हणून सही केली, तात्यांनी अनुमोदक म्हणून. पुण्याच्या कंपनीला मी मेल केला, उत्तर आलं की ‘तुमच्या तालुक्यातल्या जागा तशाही भरत आल्या आहेत.’

विषय क्रमांक ७, बेणं साठवायचं शेड, दहा मिनिटांत झाला. मेमध्ये बापूनं एक एकर आलं धरलं आणि पावसावर दीड एकर वाघ्या घेवडा टाकला.

राहिली बरणी. सभा उठल्यावर ती टेबलावरच होती, आणि तिचं काय करायचं हा खरा पेच झाला. फेकली तर पहिल्या पावसात गोडाऊनमागं उगवायची, आणि जागा कंपनीच्या नावावर. बापू न्यायला तयार नव्हता. शेवटी तात्यांनी चहाच्या स्टोव्हवर कढई ठेवली, सगळं बी ओतलं, तडतडेपर्यंत भाजलं. मीठ-तिखट टाकून वर्तमानपत्रावर पसरलं. “आता कुठं उगवतंय बघू,” म्हणाले. चव कारळ्याच्या जवळची, जरा तेलकट. आठ जणांत संपलं. हात झाडता झाडता तात्यांनी बापूला विचारलं, ह्याचा किलोला दर काय म्हणाला होता रे तो.